झडीपुढची भिंत

कोकणातील माणसास वऱ्हाडच्या पावसाचे आकडे सांगितले, तर एवढ्याशा पावसाने घरांचे काय बिघडणार असे त्यास वाटेल. रत्नागिरीच्या बाजूस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक वृष्टी होते. अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर ती सामान्यतः ७०० ते ९०० मिलिमीटरांच्या दरम्यान राहते आणि चिखलदऱ्याचा डोंगर सोडला, तर या प्रदेशास पावसाळी म्हणणे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु घराच्या बाह्यांगाची हानी पावसाच्या वार्षिक मापावर ठरत नाही. तो पाऊस कोणत्या भिंतीवर, कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या ऋतूच्या पाठीवर पडतो, यावर ती ठरते. आणि या तिन्ही बाबतींत वऱ्हाडातील घराचे प्रारब्ध कोकणातील घरापेक्षा अधिक खडतर आहे. जी भिंत वैशाखात ४५ अंशांच्या उन्हाने भाजून निघाली, जिच्या अंगावर त्या उन्हाने केसासारख्या बारीक भेगा पाडल्या, तीच भिंत मृगाच्या वादळी सरीखाली एकाएकी भिजते. मध्ये पंधरा दिवस उघाड पडते, भिंत पुन्हा वाळते. आणि मग श्रावणात झड लागली म्हणजे चार-चार दिवस सूर्याचे दर्शन न होता तीच भिंत आतपर्यंत ओल पीत राहते. भिजणे, वाळणे, पुन्हा भिजणे, या आवर्तनाने भिंतीचे जेवढे नुकसान होते, तेवढे अखंड भिजण्यानेही होत नाही.

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर हा तालुका या प्रश्नाचा विचार करण्यास मोठा सोयीचा आहे. बेंबळेच्या खोऱ्यातील ही भूमी दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झिजून बनलेली, कपाशीस मानवणारी आणि घरास न मानवणारी. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. शेतात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तीच क्रिया जोत्याखाली घडली म्हणजे पावसाळ्यात घराचा एक कोपरा उचलला जातो, उन्हाळ्यात तो खाली बसतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरपी चढत जाणारी जी फट आपण पाहतो, ती या उठाबशीची नोंद असते. पुढच्या पावसाचे पाणी त्या फटीतूनच आत शिरते. म्हणजे वऱ्हाडात भिंतीचे बाहेरील संरक्षण भिंतीवर सुरू होत नाही, ते भिंतीखालच्या जमिनीत सुरू होते. आणि ज्या पूर्वजांनी वस्तीसाठी ‘पांढरी’ व शेतीसाठी ‘काळी’ असा भेद केला, त्यांनी या गोष्टीचे मर्म जाणले होते, असे मानण्यास भरपूर जागा आहे.

पांढरी म्हणजे शतकानुशतके माणसांनी राहून, घरे पाडून, पुन्हा बांधून, राख व चुनखडी मिसळून उंच झालेले गावठाण. पुरातत्त्वज्ञ जुन्या वसाहतींचा शोध या पांढरींतच घेतात. याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर येथे मो. गं. दीक्षित यांनी १९६०च्या दशकात उत्खनन केले, तेही अशाच साचलेल्या वस्तीच्या टेकाडात. ही माती काळीप्रमाणे फुगत नाही, उंचावर असल्यामुळे पाणी तिच्यावर थांबत नाही, आणि भिंत घालण्यास ती उत्तम. वऱ्हाडातील देशमुख-पाटलांच्या गढ्या याच मातीच्या. त्यांचे पुरुष-दोन पुरुष जाडीचे बुरूज देखभालीवाचूनही पिढ्यानपिढ्या उभे राहिले. पुढे गावकऱ्यांनी खतासाठी व छपरासाठी त्यांचीच माती खणून नेली आणि वरचे आच्छादन गेलेला उघडा माथा पावसाने पन्हळी पाडून चिरत नेला. मातीची भिंत बहुधा प्रथम माथ्यावर किंवा पायाशी मरते, मध्यभागी क्वचितच, हे पडक्या गढ्यांपुढे उभे राहिल्यावर कोणालाही दिसून येईल.

माथ्याची व्यवस्था या मुलखात दोन प्रकारची होती. अकोला-बुलढाण्याच्या बाजूस धाब्याची सपाट छपरे: लाकडी कड्यांवर काड्या, पाला आणि त्यावर जाड थर पांढऱ्या किंवा खाऱ्या मातीचा. मातीच्या छपरातून पाणी कसे गळत नाही, याचे परक्यास आश्चर्य वाटते. परंतु क्षारयुक्त मातीतील सोडियममुळे तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विलग होतात व खालची छिद्रे बुजवून टाकतात. पहिला पाऊस छपरास भिजवतो आणि त्या भिजण्यानेच छप्पर बंद होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा जो शेतकऱ्याच्या कपाळी आला, त्याच्या क्षाराचा गुण घराच्या माथ्यावर असा कामी आला. धाब्याच्या कडेस लाकडी किंवा मातीचे पन्हळ बसवून छपराचे पाणी भिंतीपासून हातभर दूर फेकले जाई. त्या पन्हळाची लांबी हीच भिंतीच्या आयुष्याची लांबी होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अमरावतीच्या बाजूस, नांदगावच्या परिसरातही, उतरत्या पाख्यांची कवेलूची घरे अधिक. गावच्या कुंभाराने घडविलेली ही अर्धगोल कवेलू दरसाल मृगापूर्वी फेरावी लागत. फुटकी काढायची, सरकलेली जागेवर घ्यायची, उंदरांनी व चिमण्यांनी केलेली घाण झाडायची. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे यंत्राने कौले पाडण्याचा कारखाना काढला आणि पुढे आगगाडीच्या सोयीने मंगलोरी कौले देशभर पसरली, तरी खेड्यातील सामान्य रयतेच्या घरावर कुंभाराचे कवेलूच दीर्घकाळ राहिले. पुढे ते गेले, त्यास टिनाचा स्वस्तपणा हे एकच कारण नव्हते. वानरांच्या टोळ्या छपरांवरून उड्या मारीत जाऊ लागल्या म्हणजे एका सकाळीत शंभर कवेलू फुटतात, आणि दरवर्षी फेरण्यास माणूस मिळेनासा झाला म्हणजे गृहस्थ टिनपत्र्याकडे वळतो. यात त्याचा दोष काढणे मला न्याय्य वाटत नाही. दोष काढायचा तर तो वेगळ्या ठिकाणी आहे. कवेलूच्या पाख्यास दीड-दोन हात बाहेर आलेली वळचण असे, तिच्या पागोळ्या ओट्याच्या पलीकडे पडत; टिनपत्रा घालताना पत्र्याचे मोल वाचविण्यासाठी तो भिंतीच्या बाहेर वीतभर येतो न येतो तोच कापला जातो. पागोळी मग जोत्याला लागून पडते, तिथून उडालेले चिखलपाणी भिंतीच्या पहिल्या दोन फुटांवर सतत आदळते, आणि ते दोन फूट कुजले म्हणजे वरची भिंत कितीही शाबूत असली तरी तिला आधार उरत नाही.

पाणी भिंतीपासून दूर टाकण्याच्या याच सिद्धान्ताचे प्राचीन रूप नांदगावच्या टेकडीवर आहे. खंडेश्वराचे यादवकालीन मंदिर ज्या हेमाडपंती धाटणीचे आहे, तिच्यात दगडाचे जोते जमिनीपासून चांगले उचललेले असते आणि भिंतीच्या माथ्यावर दगडी छज्जे बाहेर काढून त्यांना उतार दिलेला असतो. पाणी शिल्पांवरून न ओघळता हवेत सोडून दिले जाते. बेसाल्टास पावसाचे भय मातीएवढे नाही. तरीही त्या स्थपतींनी पाण्यास वाट काढून देण्यात कसूर केली नाही. टेकडीखाली राहणाऱ्या रयतेने तेच तत्त्व लाकूड, माती आणि कवेलू यांत उतरविले होते.

छज्जा आणि जोते यांच्या मधली जी भिंत, ती वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस घेते. तिचे रक्षण हे स्त्रियांचे काम होते. पावसाळ्यापूर्वी भेगा माती-शेण-भुशाने छाबून घ्यायच्या, आणि सणावाराच्या तोंडावर पांढऱ्या मातीने भिंती पोतारायच्या, हा क्रम घराघरांतून चाले. भुशाचे धागे मातीस बांधून धरतात, शेणामुळे थर चिवट होतो. पाऊस जे खातो ते हे वरचे अर्धे बोट खातो व मूळ भिंत वाचते. पश्चिम आफ्रिकेत माली देशातील जेने येथे १९०७ मध्ये उभारलेली मातीची मोठी मशीद आहे. तिला दरवर्षी सारे नगर मिळून लेप देते, तो दिवस उत्सवाचा असतो आणि १९८८ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. आमच्याकडे हेच काम प्रत्येक दारी एकेकटी बाई करीत आली, आणि त्याची नोंद कोणत्याही यादीत झाली नाही. निंदण-खुरपण, कापूसवेचणी व घरकाम यांच्या मधल्या फटीत तिने हे कष्ट बसविले. तिच्या नातीने सिमेंटची भिंत मागितली, तर त्यात आळस पाहणाऱ्यास त्या श्रमाची कल्पना नाही, एवढेच मी म्हणेन.

ज्या ठिकाणी भिंत राखण्याची ही परंपरा अद्याप नेमाने पाळली जाते, ते ठिकाण शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे. गांधीजी १९३६ साली शेगावास राहण्यास आले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील आदिनिवास व बापूकुटी या माती, बांबू आणि कवेलू यांच्या इमारती आज आठ दशकांहून अधिक काळ उभ्या आहेत, आणि त्यांच्या दीर्घायुष्याचे एक कारण अगदी साधे आहे: पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या भिंतींना शिंदीच्या पानांचे पडदे, म्हणजे झांज्या, बांधतात. झड झांजीवर आदळते, पाणी पानावरून खाली उतरते, आणि झांजी व भिंत यांच्यामधील मोकळ्या जागेतून वारा खेळत राहिल्यामुळे भिंत भिजली तरी सुकते. भिंतीस आवरण हवे, परंतु ते तिचा श्वास कोंडणारे नको, हे तत्त्व याहून स्वच्छ रीतीने दाखविणारे दुसरे उदाहरण मला विदर्भात ठाऊक नाही.

श्वासाची ही गोष्ट चुन्यासही लागू आहे. भट्टीत भाजलेला, पाण्यात विझवलेला, घाणीत वाळूसह मळलेला चुना भिंतीवर लागल्यानंतर हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगड बनतो. पण तो सच्छिद्र दगड असतो, आतली वाफ बाहेर जाऊ देतो. दिवाळीच्या सुमारास सफेदी देण्याची रीतही शास्त्रास धरून आहे: पावसाळ्याची ओल तोवर उतरलेली असते, आणि ऊन असे नसते की चुना धरण्याआधीच वाळून भुकटीसारखा झडावा. उलट १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ आस्पडिनने ज्याचे पेटंट घेतले, ते पोर्टलंड सिमेंट मातीच्या वा चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर थापले म्हणजे काय होते, ते वऱ्हाडातील पुष्कळ वाड्यांनी भोगले आहे. टणक गिलावा खालच्या मऊ भिंतीबरोबर हलत नाही, म्हणून तडकतो. तड्यातून पाणी आत जाते. जमिनीतून वर चढणारी ओलही त्याच्या मागे अडकते. मग लोणा लागतो, पोपडे सुटतात, आणि वरून धडधाकट दिसणारा गिलावा एके दिवशी आतल्या चिखलासह खाली येतो. इंग्लंडातील डेव्हन परगण्यात मातीच्या भिंतींची शेकडो वर्षांची घरे आहेत. विसाव्या शतकात त्यांच्यावर सिमेंट चढले आणि तेथेही भिंती अशाच ढासळल्या, तेव्हा दुरुस्ती करणारे पुन्हा चुन्याकडे वळले. जलाभेद्य म्हणून विकले जाणारे चकचकीत रंग जुन्या मातीच्या भिंतीस लावणे, हा त्याच चुकीचा पुढचा अध्याय होय.

सिमेंटास मी शत्रू मानीत नाही. नव्या विटांच्या, सिमेंटातच बांधलेल्या भिंतीस सिमेंटचाच गिलावा योग्य, आणि मातीच्या भिंतीसाठीही आधुनिक शास्त्राने उपाय दिलेले आहेत. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने माती-भुशाच्या गिलाव्यात पातळ केलेले डांबर मिसळून पावसाने न झिजणारा लेप सिद्ध केला. वरून शेणमातीचा हात दिला म्हणजे त्याचा काळेपणाही झाकतो. त्याच संस्थेने काळ्या जमिनीसाठी, फुगणाऱ्या थराच्या खाली पोचून तळाशी रुंद होणारे काँक्रीटचे खुंट प्रचारात आणले. खेड्यातील साध्या घरास एवढेही लागत नाही: पाया काळी संपून मुरूम लागेपर्यंत न्यावा, जोत्याभोवती तीन-चार फुटांची मुरुमाची, बाहेर उतरती पट्टी चोपून बसवावी, आणि न्हाणीचे पाणी भिंतीच्या मुळाशी मुरू न देता नालीत काढावे. नाली झाडण्यासाठी स्वतः खराटा हाती घेणारे गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातीलच शेणगावचे. त्यांच्या कार्याकडे आपण आरोग्य व भक्ती या दृष्टीने पाहतो, पण वाहती नाली ही घराच्या पायाचीही राखण करते.

आता तालुक्यात जे नवे घर उभे राहते, ते बहुधा घरकुल असते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरांचे घर आणि सपाटीच्या प्रदेशास १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. एवढ्यात विटा, स्लॅब व दरवाजा होतो. पैसा संपतो तो नेमका बाहेरच्या गिलाव्यापाशी. उघड्या विटांची पश्चिमेकडची भिंत झड पिते आणि दोन पावसाळ्यांत आतल्या बाजूस बुरशीचे डाग उमटतात. दुसरीकडे, महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी ठरते, तलाठी पंचनामे करतो, आणि पक्क्या-कच्च्या घराची अंशतः पडझड किमान १५ टक्के असेल, तर मदत मिळते. दरसाल बोटबोटभर झिजणारी भिंत या हिशोबात पडेपर्यंत येतच नाही. म्हणून घरकुलाच्या अंदाजपत्रकातच दीड हाताचा छज्जा, पावसाच्या दिशेकडील भिंतीचा बाहेरचा गिलावा आणि मुरुमाची पट्टी या तीन बाबी वेगळ्या कलमांनी दाखवाव्यात. शेवटचा हप्ता छपराच्या छायाचित्रावर न देता या तिन्हींची पाहणी करून द्यावा. आणि ज्या घरधन्याची भिंत अजून मातीची आहे, त्यास ती पाडण्याच्या अटीवाचून छपराची वळचण वाढविण्यापुरते साहाय्य मागता यावे.