चौकट : अनुदान शोधायचे कुठे?

मुकुंदवाडीतल्या मंडळांना पैसा शोधायला मुंबई गाठावी लागत नाही. चिकलठाणा औद्योगिक वसाहत शेजारीच आहे. कंपनी कायदा 2013च्या कलम 135नुसार नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर (सीएसआर) खर्चावी लागते. कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्या, असे कायदाच सांगतो. बहुतेक अर्जांत नेमका हाच मुद्दा नसतो!

अर्जाआधी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा. त्यातल्या सीएसआर परिशिष्टात कोणत्या जिल्ह्यात, कशावर, कोणत्या संस्थेमार्फत खर्च झाला हे सापडू शकते. आरोग्यावरच खर्च करणाऱ्या कंपनीकडे वाचनालय मागण्यात वेळ जातो.

कागद मात्र चोख हवेत : धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, लेखापरीक्षण, प्राप्तिकराची 12अ व 80जी नोंदणी, नीती आयोगाच्या 'दर्पण'चा क्रमांक. 1 एप्रिल 2021पासून सीएसआर-1 नोंदणीही आवश्यक झाली. शिवाय सहसा तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. नव्या मंडळाने तोवर जुन्या, नोंदणीकृत संस्थेच्या प्रकल्पात सहभागी व्हावे. परदेशी देणगीचा विचार असेल, तर परदेशी देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) परवानगी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते, हे आधी. 'अनुदान मिळवून देतो' म्हणत आगाऊ टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.