तारेचं दुसरं टोक

गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. तिथल्या शंभर किलो दगडात तांबं जेमतेम किलोभर असतं. ते सोडवायला सुरुंगानं फोडलेला खडक आधी भरडतात, मग पोलादी गोळे भरलेल्या फिरत्या गिरणीत पिठासारखा दळतात. या पिठात पाणी आणि रसायनं मिसळून हवा सोडली की तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. तो फेस वाळवून मिळालेल्या भुकटीतही तांबं साधारण पाव हिस्साच. पुढे भट्टी, मग विजेच्या प्रवाहानं शुद्धीकरण आणि सरतेशेवटी तार. या सगळ्या खटाटोपात नुसतं दळणच प्रचंड वीज खातं.

म्हणजे वीज वाहून नेणारी तार घडवायलाच वीज लागते. ऊर्जा आणि धातू यांचे हिशेब आपण दोन वेगळ्या वह्यांत मांडतो, ही माझ्या मते मूळ चूक आहे. वीज वाढवायची तर पवनचक्क्या, रोहित्रं, केबल यांसाठी तांबं हवं. विजेवरच्या मोटारीला तर पेट्रोलच्या मोटारीच्या तिप्पट-चौपट तांबं लागतं. ते वाढवायचं तर पुन्हा वीज हवी. त्यात सहज निघणारं तांबं आपण आधीच काढून बसलो आहोत. अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यनच्या खाणीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडात दोन टक्क्यांच्या आसपास तांबं होतं. आज जगाला साधारण पाव हिस्सा तांबं पुरवणाऱ्या चिलीत सरासरी प्रमाण एक टक्क्याच्याही बरंच खाली आहे. प्रमाण निम्म्यावर आलं की तेवढ्याच तारेसाठी दुप्पट दगड दळावा लागतो. अटाकामाच्या वाळवंटातल्या एस्कोन्दिदा खाणीला तर समुद्राचं पाणी गोडं करून ३,००० मीटरहून उंच चढवावं लागतं. तेही विजेच्याच जोरावर.

यावर पहिला आक्षेप असा की तंत्रज्ञान स्वतःच बचत करतं. तो पोकळ नाही. २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरांचं काम कित्येक पटींनी वाढलं, पण त्यांचा वीजवापर फक्त सहा टक्क्यांच्या आसपास वाढला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मात्र ती उसंत टिकली नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या घरात जाईल. जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं की वाफेचं इंजिन काटकसरी झालं, म्हणूनच कोळशाचा खप वाढला. वस्तू स्वस्त पडली की तिचे नवे उपयोग निघतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचं आज तेच चाललं आहे.

दुसरा आक्षेप मोडीचा. तांबं कितीही वेळा वितळवा, त्याचा कस जात नाही. आपल्याकडे जुनी भांडी मोडीत देताना घरोघरी हे ठाऊक असतं. पण आज मोडीत येणारं तांबं वीस-तीस वर्षांपूर्वी वापरात आलेलं आहे. १९९० मध्ये जग वर्षाला सुमारे १.१ कोटी टन शुद्ध तांबं वापरायचं, आता अडीच कोटींहून जास्त. जुनी मोड सगळी गोळा केली तरी एवढ्या वाढलेल्या भुकेला ती पुरणार कशी?

सर्वांत वजनदार आक्षेप कोळशाचा. जग दरवर्षी ८०० कोटी टनांहून अधिक कोळसा खणतं आणि एकदाच जाळून टाकतं, तांबं मात्र शिल्लक राहतं. हे मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच खाणी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण नवी तार कोळशाची जागा घेण्यासाठी ओढली जाते आहे की कोळशाच्या जोडीला आणखी भूक भागवण्यासाठी, हे तपासायलाच हवं. देशातल्या डेटा सेंटरांचा फार मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईत आहे, कारण समुद्राखालच्या केबल इथं किनाऱ्याला लागतात. ऐरोली-महापेच्या पट्ट्यात अशा इमारतीला जमीन आणि सवलती देताना सरकारनं दोन आकडे जाहीर करायला लावावेत: ती वर्षाला किती युनिट खाणार आणि त्यातले किती युनिट तिच्यासाठी नव्यानं उभारलेल्या सौर वा पवन प्रकल्पातून येणार.