काचेची इमारत झकास, पण धूर जाणार कुठून?
भोपाळ : शोरूम असो की कोचिंग क्लास, इमारतीचा दर्शनी भाग काचेनं मढवायची फॅशन आलीय. पण आग लागली तर धूर बाहेर कुठून जाणार आणि अग्निशमनचे जवान आत कुठून शिरणार?

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 सांगते : काचेच्या दर्शनी भागात प्रत्येक मजल्यावर बाहेरच्या बाजूला उघडणारं तावदान हवं. आकार किमान 1 मीटर बाय 1 मीटर. दोन तावदानांत 10 मीटरपेक्षा जास्त अंतर नको.

12 जून 2023 रोजी इथल्याच सातपुडा भवनात तिसऱ्या मजल्यावर लागलेली आग सहाव्यापर्यंत पोचली होती. म्हणून गाळा घेताना, मुलांना क्लास लावताना बघाच : असं तावदान आहे का, आणि त्यावर फ्लेक्स तर ठोकलेला नाही ना?