दुष्काळ येण्याआधी

अहमदनगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूर नावाचे गाव आहे. (२०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले.) या गावात घरांना दारे न बसवण्याची जुनी प्रथा आहे. चौकट असते, पण दार नसते. मग कडी आणि कुलूप कुठले असणार? गावात चोरी होणार नाही, अशी लोकांची श्रद्धा आहे. हे नवल पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येतात.

पण या भागात दुसरा एक शत्रू अधूनमधून येतो. त्याला कुलूप लावूनही अडवता येत नाही. तो शत्रू म्हणजे दुष्काळ.

येथे पाऊस कमी का पडतो? पावसाळ्यात अरबी समुद्रावरून वारे ढग घेऊन येतात. सह्याद्रीचे डोंगर त्यांना अडवतात आणि बराचसा पाऊस डोंगरावरच पडतो. म्हणून याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यातील घाटघर आणि रतनवाडी येथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस होतो. डोंगर ओलांडून वारे पूर्वेकडे येतात, तेव्हा त्यांच्यात ओलावा फारसा उरत नाही. त्यामुळे नेवाशाच्या बाजूला वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. अशा भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

पाऊस पाडणे माणसाच्या हातात नाही. पण पाऊस कमी पडला तर किती नुकसान व्हावे, हे पुष्कळसे माणसाच्या हातात आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, पिके करपली, जनावरांना चारा मिळेना. हजारो स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर गेले. कोणी खडी फोडली, कोणी रस्त्यासाठी माती वाहिली, तर कोणी पाझर तलाव खोदले. या कामांमुळे लोकांच्या हाताला मजुरी आणि पोटाला भाकरी मिळाली. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. परंतु संकट आल्यावर मदत करणे वेगळे आणि संकटाची तयारी आधी करणे वेगळे. या तयारीलाच नियोजन म्हणतात.

नियोजनाची पहिली पायरी गावाची. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव एके काळी दुष्काळाने पोळलेले होते. कामधंद्यासाठी लोक गाव सोडून जात. १९९० नंतर सरपंच पोपटराव पवार आणि गावकरी यांनी मिळून काम सुरू केले. प्रथम डोंगराच्या माथ्यावर चर खोदले, मग उतारावर झाडे लावली आणि शेवटी खाली ओढ्यावर बांध घातले. धावणारे पाणी चालू लागले, चालणारे थांबले आणि थांबलेले जमिनीत मुरले. विहिरींना पाणी आले.

पण एवढ्याने भागत नाही. विहिरीला पाणी आले की जास्त पाण्याचे पीक घ्यावेसे वाटते, आणि पाणी पुन्हा संपते. म्हणून हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली आणि उसासारख्या पिकावरही बंधन घातले. गावात दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडला जातो. किती पाऊस पडला, पिण्यासाठी किती पाणी ठेवायचे आणि उरलेल्यात कोणती पिके घ्यायची, हे सर्वजण बसून ठरवतात. घरात पगार कमी आला तर आपण खर्च कमी करतो, तसेच हे आहे.

दुसरी पायरी जिल्ह्याची. पश्चिमेच्या डोंगरात उगम पावलेली मुळा नदी राहुरीजवळ धरण बांधून अडवली आहे. या धरणात सुमारे २६ अब्ज घनफूट पाणी साठते. त्याच्या कालव्यांनी नेवासा तालुक्यातील बरीच शेती भिजते. डोंगरात पडलेला पाऊस अशा रीतीने कोरड्या भागाच्या उपयोगी येतो. एकट्या गावाला हे काम जमले नसते.

तिसरी पायरी सर्वांत कठीण, कारण नदी जिल्ह्याची हद्द मानत नाही. मुळा प्रवरेला मिळते. प्रवरा नेवासा तालुक्यातच, प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. गोदावरीचे पाणी पुढे पैठणच्या जायकवाडी धरणात जाते. त्यावर मराठवाड्यातील शहरांचे पिण्याचे पाणी आणि शेती अवलंबून आहे. पाऊस कमी झाला की वरचे शेतकरी म्हणतात, "आमचे पीक वाळेल, पाणी सोडू नका." खालचे लोक म्हणतात, "आम्ही प्यावे काय?" दोघांचेही म्हणणे खरे आहे.

अशा वेळी भांडणापेक्षा आधी ठरवलेला नियम कामाला येतो. महाराष्ट्रात २००५ साली पाणीवाटपासाठी कायदा झाला आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नेमण्यात आले. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे या प्राधिकरणाने २०१४ साली ठरवले. २०२३ साली पाऊस कमी झाला, तेव्हा मुळा धरणातूनही खाली पाणी सोडण्यात आले. वाद झाले, नाराजी झाली. पण खालच्या लोकांनाही पाण्याचा वाटा मिळाला.

मुलांनो, पाणी साठवणे हे नियोजनाचे अर्धेच काम आहे. साठलेले पाणी कोणी, कशासाठी आणि किती वापरायचे, हे टंचाई येण्याआधी ठरवणे हे उरलेले अर्धे काम. तुमच्या गावात किंवा शहरात पाणी कोठून येते? ते तुमच्यापर्यंत येण्याआधी कोणाच्या दारावरून येते आणि तुमच्यानंतर कोणाकडे जाते? घरी विचारा, नकाशा काढा. चोराला दार अडवते. पण दुष्काळाला अडवायचे, तर शेजाऱ्याच्या तहानेचाही विचार करावा लागतो.