ठेच लागली, ठोकर नव्हे

माझ्या आयुष्यातलं पहिलं पोस्टकार्ड मी अकराव्या वर्षी धारहून पुण्याच्या आत्याला लिहिलं. माई, म्हणजे माझी आजी, मागच्या अंगणात दगडाला पाय लागून पडली होती. बाबा देवासला नोकरीवर, आई स्वयंपाकात, म्हणून कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं : ‘माईला ठोकर लागली. ती पडली. गुडघ्याला खूप लागलं आहे.’ आत्याचं उलट टपाली उत्तर आलं, ‘माईला कुणी ठोकरलं? मोटारीनं का? पोलिसांत कळवलंत का?’

ते उत्तर मी माईला मोठ्यानं वाचून दाखवलं. गुडघ्याला हळदीचा लेप, पाय पाटावर पसरलेला. ती म्हणाली, ‘अगं, त्या दगडानं मला काही मारलं नाही. तो बिचारा आपल्या जागी होता. मला ठेच लागली. ठेच लिही.’ आणि दुसऱ्या पोस्टकार्डावर तिनं माझ्याकडून तो शब्द लिहून घेतला.

त्या पोस्टकार्डाला आता खूप वर्षं झाली. मी देवासला हिंदी शाळेत आयुष्यभर शिकवलं, पण हा शब्द तेव्हापासून माझ्या मागे आहे.

आमच्याकडे मराठी आली ती पवारांबरोबर. पहिल्या बाजीरावाच्या काळात उदाजी आणि आनंदराव पवारांचं घराणं धारला स्थिरावलं, तुकोजी आणि जिवाजी हे भाऊ देवासला. देवासच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी, एकाच गावात दोन राज्यं. त्यांच्याबरोबर शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य आले. दफ्तरात मोडी चालली. 1948 साली संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, शाळा-कचेऱ्या हिंदी झाल्या आणि मराठी घरात राहिली : देवघरात, स्वयंपाकघरात, अंगणात. ठेच हा अंगणातलाच शब्द. म्हणून तो इतकी वर्षं टिकला, आणि आता अंगणंच गेल्यावर तो निसटतोय.

ठेच म्हणजे नेमकं काय? पाय पुढे टाकताना बोटं, बहुतेक वेळा अंगठा, दगडावर, उंबऱ्यावर किंवा फरशीच्या वर आलेल्या कडेवर आपटतात, ती ठेच. माणूस पडलंच पाहिजे असं नाही. ठेच लागूनही पुष्कळजण सावरतात. एका पायावर उभे राहून, डोळे मिटून ‘आई गं’ म्हणतात आणि पुढे जातात. पडलं तर धडपडलं. कशात तरी पाय गुंतला तर अडखळलं. वाचताना शब्द अडला तरी अडखळलं. ओल्या फरशीवरून गेलं तर घसरलं, आणि नको ते बोललं तर जीभ घसरली. उभ्या जागी तोल जाऊन शरीर एकीकडे गेलं तर झोकांडी गेली. रस्ताच खाचखळग्यांचा असेल आणि पावलागणिक आपटत चाललं असेल तर ठेचकाळत चाललं. मराठीनं पडण्याच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळं नाव दिलंय, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. धडपड तर पडण्यातून निघून प्रयत्नापर्यंत पोचली. घर चालवण्यासाठी राबणाऱ्या बाईबद्दल ‘तिची किती धडपड चाललीय’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात पडणंही असतं आणि उठणंही.

ठोकर मराठीत नाही असं नाही. पण मराठीत ठोकर बहुधा मारायची असते. पायानं लाथाडणं ती ठोकर. कुणी मोठ्या पगाराच्या नोकरीला ठोकर मारतो. ठोकरीला मारणारा लागतो, म्हणून आत्या विचारत होती, कुणी? हिंदीत ‘ठोकर लगी’ही म्हणतात, ‘ठोकर खाई’ही म्हणतात, आणि ‘दर-दर की ठोकरें’ म्हटलं की दारोदार हिंडणाऱ्या माणसाचं अख्खं आयुष्य त्यात येतं. शब्द म्हणून तो मोठाच आहे, मी तो वर्गात शिकवलाय. तरी त्यात मारणं आणि खाणं आहे. ठेचेत नाही. ठेच नुसती लागते. मराठीत भूक लागते, तहान लागते, उचकी लागते, तशीच ठेच लागते. ‘मला’ म्हटलं की ती आपल्याकडे आली. आपण काही केलं नाही. कुणाचा दोष शोधायला त्या वाक्यात जागाच नाही. माईला हेच सांगायचं होतं, असं मला फार उशिरा उमगलं.

त्याच हिंदीत ठेचेचं सख्खं भावंड आहे : ठेस. जुन्या मराठी लिखाणात ठेच हा शब्द ‘ठेंच’ असा अनुस्वार देऊन सापडतो. त्यातला च चाकातला, चोरातला, चंद्रातला नव्हे. जिभेचं टोक दातांमागे टेकवून तो म्हणा आणि लगेच ठेस म्हणा, अंतर किती थोडं आहे ते कानाला कळेल. पण दोन भावंडांनी वाटण्या वेगळ्या करून घेतल्या. हिंदीतली ठेस मनाला पोचते. आमच्या गावातल्या वर्तमानपत्रात रोज कुणाच्या ना कुणाच्या भावनांना ‘ठेस’ पोचलेली असते, आणि पायाला लागते ती मात्र ‘ठोकर’. मराठीत पायाला ठेच, आणि भावना ‘दुखावतात’. मनाला ठेच लागली असंही आपण म्हणतो, पण ते म्हणताना पायाचा अंगठा आठवतोच. ती कळ अंगभर जाते, क्षणभर दुसरं काही सुचत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते वाक्य पुरतं कळतं.

ठेचणं हे क्रियापदही त्याच घरातलं. बत्त्यानं लसूण ठेचायचा, मिरच्यांचा ठेचा करायचा, आणि दारात बोट सापडलं तर बोट ठेचलं म्हणायचं. माई ठेचा करताना खलबत्ता दोन पायांच्या पंजांत धरून बसायची.

ठेच लागली की घरात एक ठरलेला क्रम असे. आधी गार पाणी, मग हळद, मग जुन्या धोतराची चिंधी. लहान मूल असेल तर माई दगडाला दोन चापट्या मारायची, ‘हात रे दगडा!’ शेजारच्या माळवी घरातल्या बाई आमच्या भावाला म्हणायच्या, ‘देख, चींटी मर गई!’ आणि तो रडणं विसरून मेलेली मुंगी शोधायला लागायचा. बाहेर निघताना उंबऱ्याला ठेच लागली तर माई माणसाला परत बसवायची. पाणी प्यायला लावायची, हातावर साखर ठेवायची. लोक त्याला अपशकुन म्हणत. ती म्हणायची, ‘घाईत आहेस, म्हणून पाय उचलला नाहीस. दोन मिनिटं बस.’

यात तिचं बरोबर होतं. चालताना मागचं पाऊल पुढे येतं तेव्हा बोटं जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरवरून जातात. तेवढ्याच उंचीवर आपण जन्मभर चालतो. वय वाढलं, थकवा आला, अंधार झाला, लक्ष दुसरीकडे गेलं, की तेवढंही अंतर राहत नाही. म्हणून मोठ्या धोंड्यापेक्षा फरशीची बोटभर वर आलेली कडच जास्त ठेचा देते. धोंडा दिसतो.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण लहानपणी पाठ होती, पण ती पाहिली देवासच्या टेकडीवर. नवरात्रात पहाटेच्या अंधारात लोक अनवाणी वर चढतात, थोरली माता तुळजाभवानी आणि धाकटी माता चामुंडा यांच्या दर्शनाला. एका वर्षी एके ठिकाणी पायरीचा दगड सुटलेला होता. माझ्या पुढच्या बाईंना ठेच लागली. त्या ‘हाय’ म्हणाल्या, आणि त्यांच्या मागे आम्ही सगळ्यांनी एकामागून एक त्या जागी पाय वर उचलला. दगड कुणालाच दिसत नव्हता. म्हण एकेरी पाऊलवाटेवर जन्मली असणार हे मला त्या क्षणी पटलं. पण माझ्या मनात राहिल्या त्या पुढच्या बाई. वर पोचल्यावर दिव्याच्या उजेडात पाहिलं, तर त्यांचं नख अर्धं उचललं गेलं होतं. आम्ही शंभरजण शहाणे झालो आणि त्यांच्या पायाला पदराचा तुकडा बांधायला दोघीच थांबलो. म्हणीत मागच्याचा शहाणपणा येतो, पुढच्याची विचारपूस येत नाही. वर्गात ही म्हण आली की मी मुलांना ते सांगायचे.

बाबांना उतारवयात मधुमेह झाला. एका संध्याकाळी ते फिरून आले, चप्पल काढली आणि आईनं फरशीवर रक्त पाहिलं. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. ‘अहो, केवढी ठेच लागलीय!’ बाबा अंगठ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘लागली नाही गं. दिसली.’ जुन्या मधुमेहात पायाच्या नसांची जाणीव कमी होत जाते. ठेच लागते आणि कळ येत नाही, मग जखम चिघळेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. त्यानंतर आई रोज रात्री त्यांचे पाय मांडीवर घेऊन, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, बॅटरीच्या उजेडात तपासायची. ज्यांच्या घरी मधुमेही माणूस आहे त्यांनी हे रोज करावं. कळ येते आहे तोवर पाय जिवंत आहे.

आमच्या घरातली मुलं आता मराठी बोलतात ती हिंदीच्या पायानं. ‘मी पडून गेलो,’ म्हणतात, ‘गिर गया’चा तो सरळ अनुवाद. मी रागावत नाही. आम्हीही लहानपणी तेच बोलत होतो, आणि दोन भाषांच्या मधे राहणाऱ्या मुलाला दोन्हीकडच्या फरशीच्या कडा लागणारच. पण दुखतं तेव्हा तोंडात कुठला शब्द येतो, याकडे माझं लक्ष असतं.

परवा सात वर्षांच्या नातवाचा पाय गच्चीच्या दाराशी आपटला. एका पायावर उड्या मारत आला, डोळ्यांत पाणी. ‘आजी, ठेस लागली.’ ठोकर म्हणाला नाही. मी त्याचा अंगठा नळाखाली धरला, नख बघितलं. शाबूत होतं. कळ जरा ओसरल्यावर म्हटलं, जीभ दातांमागे टेकव, आता म्हण. त्यानं तोंड उघडून मला जीभ दाखवली, इथेच ना, म्हणून विचारलं, आणि म्हणाला.

‘ठेच.’

मग पुन्हा म्हणाला, आणि दुसरा पायही नळाखाली धरला.