वेपमध्ये साखर नसते, मग शुगर का वाढते?

जयंतीच्या आठवड्यात आमच्या विहारात रक्तातली साखर तपासण्याचे शिबिर होते. ग्लुकोमीटरच्या टेबलावर मी बसले होते. रांगेत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण आईबरोबर आला. दोन वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, कॉल सेंटरला रात्रपाळीची नोकरी. उपाशीपोटी साखर 212 निघाली. आकडा ऐकून आईचा चेहरा पडला. म्हणाली, "ताई, भात बंद केला, चहात साखर नाही, बटाटा नाही. डबा मी माझ्या हाताने भरते. आता आणखी काय बंद करू?"

मी नेहमीचा प्रश्न विचारला, तंबाखू, सिगारेट? "सिगारेट सोडून दीड वर्ष झालं," तो म्हणाला. आईने कौतुकाने मान हलवली. बोटाला कापूस लावून तो उठला तशी त्याच्या खिशातून एक चपटी, रंगीत वस्तू खाली पडली. आईने ती उचलली आणि "तुझा पेनड्राइव्ह पडला बघ" म्हणून त्याच्या हातात दिली. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. आईसमोर मी काहीच बोलले नाही.

शिबिर आवरताना तो एकटा परत आला. म्हणाला, "ताई, यात तंबाखू नाही, धूर नाही, साखर तर नाहीच नाही. मग शुगरचा आणि याचा काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. आज अनेक घरांत तो विचारला जात असेल, किंवा विचारायचे धाडस होत नसेल. म्हणून या वेळचे पान त्यासाठी.

त्या नळीत असते काय?

वेप किंवा ई-सिगारेट म्हणजे एक छोटी बॅटरी, तापणारी तार आणि थोडा द्रव. ओढले की तार तापते, द्रवाची बारीक फवारणी होते आणि ती फुप्फुसात जाते. ती साधी पाण्याची वाफ नव्हे. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, आंबा-पुदिना-स्ट्रॉबेरीसारखे स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. हे निकोटीन सहसा तंबाखूच्याच पानातून काढलेले असते. पाने नाहीत म्हणून तंबाखू नाही, असे म्हणणे म्हणजे दारूच्या बाटलीत मोहाची फुले दिसत नाहीत म्हणून ती दारू नाही, असे म्हणण्यासारखे झाले.

चव गोड लागते म्हणून साखर वाढते, असा काहींचा समज असतो. तसे नाही. स्वादाची रसायने म्हणजे साखर नव्हे आणि ग्लिसरीन इतके थोडे जाते की त्याने मीटरवरचा आकडा हलू नये. दोष गोडीचा नाही, निकोटीनचा आहे.

ते किती जाते, हेही पाहायला हवे. बाजारात चोरून मिळणाऱ्या अनेक पॉडवर '5 टक्के' लिहिलेले असते. म्हणजे द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 50 मिलिग्रॅम निकोटीन. ब्रिटनमध्ये वेप कायदेशीर आहे, पण तिथेही 20 मिलिग्रॅमच्या वर विकायला परवानगी नाही. शिवाय सिगारेट पाच मिनिटांत संपते, थोटूक फेकून माणूस कामाला लागतो. वेप संपतच नाही. वास येत नाही म्हणून जिन्यात, बाथरूममध्ये, पांघरुणातसुद्धा ओढला जातो. दिवसात किती झुरके घेतले, याचा हिशेब त्या मुलाला सांगता आला नाही. सिगारेटी मात्र तो मोजून सांगत होता, तेव्हा रोजच्या सात होत्या.

शरीरात काय घडते

निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनालीन सोडतात. हे संकटाच्या वेळचे रसायन. अंगावर कुत्रा धावून आला की जे होते तेच आत होते, छाती धडधडते, रक्तदाब वाढतो. पळायला ताकद लागेल म्हणून यकृत आपल्या कणगीतली साखर रक्तात ओतते. पण इथे कुत्रा नाही आणि पळायचेही नाही. माणूस खुर्चीत बसून फोन घेतो आहे. ती साखर रक्तातच फिरत राहते.

निरोगी माणसाचे स्वादुपिंड थोडे इन्शुलिन जास्त सोडून हा गोंधळ निस्तरते. मधुमेह असलेल्याकडे ती शिल्लक कमी असते. त्यात निकोटीनमुळे स्नायूंच्या पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. यालाच डॉक्टर इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतात. म्हणजे एकीकडे कणगी उघडी आणि दुसरीकडे साखर आत घ्यायचे दार घट्ट. गोळी तीच, डबा तोच, तरी आकडा खाली येत नाही. घरचे लोक मात्र भाताला दोष देत बसतात.

इन्शुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांची आणखी एक अडचण होते. निकोटीनने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे टोचलेले इन्शुलिन रक्तात उतरायला वेळ लागतो. जेवण वेळेवर, इंजेक्शन वेळेवर, आणि तरीही दोन्हींची गाठ पडत नाही.

सिगारेटबाबत पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2014 च्या अहवालानुसार सिगारेट ओढणाऱ्यांना टाईप 2 मधुमेह होण्याचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा 30 ते 40 टक्क्यांनी जास्त असतो. आजच्या स्वरूपातली ई-सिगारेट 2003 च्या सुमारास चीनमध्ये तयार झाली. त्यामुळे तीस-चाळीस वर्षे ती ओढलेली माणसे अजून जगात नाहीत आणि तितका लांबचा अभ्यासही नाही. पण निकोटीन तेच आहे आणि यकृताला ते सिगारेटमधून आले की वेपमधून, हे कळत नाही.

तो मुलगा म्हणाला, "पण माझी सिगारेट याच्यामुळेच सुटली." हेही खोटे नाही. वेपमध्ये सिगारेटचा डांबरासारखा चिकटा आणि कार्बन मोनॉक्साइड नसतो, आणि ब्रिटनमध्ये सिगारेट सोडण्यासाठी तिचा आधार घेऊ देतात. पण तो आधार तात्पुरता धरायचा असतो. याने दीड वर्ष धरून ठेवला आहे. त्याच्या फुप्फुसांवरचा भार काहीसा हलका झाला असेल, साखरेवरचा झालेला नाही.

पहाटे तीनची थरथर

साखर वाढते हे एक. मला जास्त काळजी वाटली ती त्याने सहज सांगून टाकलेल्या दुसऱ्या गोष्टीची. पहाटे तीनच्या सुमारास कधी कधी हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते. मग तो खाली जातो आणि चार झुरके मारतो. त्याला वाटते, वेप कमी पडला.

त्याच्या गोळ्यांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. आणि निकोटीन भूक मारते. रात्री आईने दिलेला डबा तो बरेचदा तसाच परत आणतो. गोळी घेतली, जेवण नाही, तर साखर खाली जाणारच. थरथर, घाम, धडधड, मळमळ ही साखर उतरल्याची खूण आहे. निकोटीन जास्त झाल्याची खूणही तीच, आणि निकोटीनची तलफ आल्यावरही हात कापू शकतात. अंगावरून ओळखता येत नाही. ओळखायचे एकच साधन, मीटर.

म्हणून अशी थरथर आली की आधी बोटाला सुई, नंतर बाकी सगळे. मीटर जवळ नसेल तर साखर उतरली आहे असेच धरावे. 70 पेक्षा कमी असेल तर तीन-चार छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून लगेच घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि वर आल्यावर काहीतरी खावे. अशा वेळी वेप ओढून पुन्हा खुर्चीत बसणे धोक्याचे आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात साखर, पाणी काहीही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. रात्रपाळीच्या मुलांनी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि शेजारच्या खुर्चीवरच्या एकाला तरी आपला आजार सांगून ठेवावा.

पायांच्या आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांविषयी वेगळे लिहायला हवे. इथे इतकेच, मधुमेह या नळ्या आधीच खराब करत असतो आणि निकोटीन त्या आवळते. पायाची जखम भरत नाही ती अशाच रक्ताच्या टंचाईने.

डॉक्टरला सांगितले का?

"नाही. बंदी आहे ना त्याच्यावर," तो म्हणाला.

बंदी आहे, हे खरे. केंद्र सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, साठा करणे, तिची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण डॉक्टर म्हणजे पोलीस नव्हे. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली सवय गुप्त ठेवणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. न सांगितल्याने मात्र नुकसान ठरलेले. साखर का वाढते ते कळत नाही म्हणून डॉक्टर गोळीचा डोस वाढवतात, आणि एखाद्या रात्री जेवण चुकले की तोच वाढलेला डोस अंगाशी येतो.

बंदीमुळे आणखी एक झाले आहे. माल चोरीचा, म्हणून द्रवात काय आहे हे तपासणारे कोणी नाही. डबीवरचा आकडा खरा मानायलाही आधार नाही.

सोडताना

मी त्याला दोनशे पानी वही करायला सांगितली. वेळ, मीटरचा आकडा, काय खाल्ले, किती झुरके, असे चार रकाने. आठवडाभर काहीच बदलायचे नाही, फक्त लिहायचे. लोकांना माझ्या बोलण्यापेक्षा स्वतःच्या अक्षरातला आकडा लवकर पटतो. ती वही घेऊन डॉक्टरकडे जायचे.

वेप सोडल्यावर पहिले काही आठवडे चिडचिड होते, झोप मोडते, भूक परत येते आणि गोड खावेसे वाटते. वजन थोडे वाढते, साखरही काही दिवस वर-खाली होते. "सोडून काय मिळालं?" असे वाटून माणूस इथेच परत फिरतो. घरच्यांनी या दिवसांत भजी-जिलेबी समोर आणू नये आणि टोमणेही मारू नयेत. काकडी, फुटाणे, बडीशेप हाताशी ठेवावी. सुपारी नको, खर्रा तर नकोच. वेप सोडून खर्रा धरला तर साखरेच्या दृष्टीने काहीच सोडलेले नाही.

पुढे शरीर इन्शुलिनला पुन्हा दाद देऊ लागते. तेव्हा जुना डोस जास्त होऊ शकतो आणि साखर उतरू शकते. म्हणून सोडण्याआधीच डॉक्टरला तारीख सांगावी, त्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासावी आणि डोस आपल्या मनाने बदलू नये. निकोटीनचा च्युइंगम किंवा चिकटपट्टी औषधाच्या दुकानात मिळते, तीही डॉक्टरला विचारूनच. हा च्युइंगम पानासारखा चघळत राहायचा नसतो. थोडा चावून गालात दाबून ठेवायचा असतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 मोफत आहे, प्रादेशिक भाषांतही बोलता येते.

दोन दिवसांनी त्याची आई एकटीच माझ्या घरी आली. मुलाने स्वतःच सांगून टाकले होते. "म्हणजे तो पेनड्राइव्ह नव्हता," एवढेच म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली. मग कमरेची डबी काढून सवयीने बोट बुडवले आणि मध्येच थांबली. डबीत मिश्री होती. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती हिरड्यांवर चोळली की निकोटीन तिथूनच रक्तात उतरते.

शिबिरात आम्ही बायकांना "तंबाखू खाता का?" असे विचारतो आणि त्या "नाही" म्हणतात. खोटे बोलत नसतात. मिश्रीला त्या खाणे मानत नाहीत, दात घासणे मानतात. ही चूक आमच्या प्रश्नाची आहे. पुढच्या शिबिराच्या फॉर्मवर आता मिश्री, खर्रा, गुटखा, बिडी, वेप अशा वेगवेगळ्या चौकटी छापल्या आहेत.

"ताई, याच्यानेही वाढते?" तिने विचारले. मी हो म्हटले. पंचवीस वर्षे दिवसातून चार-पाच वेळा ती मिश्री लावते आणि स्वतःची साखर तिने एकदाही तपासलेली नाही. शिबिरातही मुलाला पुढे करून ती बाजूला उभी राहिली होती. मी मीटर काढला. जेवून दोन तास झाले होते. साखर 186 निघाली. सामान्य माणसाची या वेळी 140 च्या आत असायला हवी. घाबरू नकोस, पण सोमवारी उपाशीपोटी दवाखान्यात जाऊन शिरेतल्या रक्ताची तपासणी कर, सोबत एचबीए1सी पण करून घे, असे कागदावर लिहून दिले. डबी तिने माझ्या टेबलावरच ठेवली. निघताना परत घेतली.