पुसेगावच्या हळदीचं बंदर : न्हावा-शेवा

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा ढीग बघायला आलेला जाणता खरेदीदार आधी एक कांडी उचलतो, मोडतो आणि कान देतो. नीट शिजवून खडखडीत वाळवलेली कांडी टणकन वाजते. ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो आणि बोलीही खाली बसते. पुसेगाव आणि सेनगाव तालुक्यातल्या इतर गावांनी नऊ महिने राखलेलं पीक इथे काही मिनिटांत विकलं जातं. पुढे त्यातली बरीच हळद देशातच खपते. जी परदेशी जाते, तिच्यासाठी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मोठा दरवाजा एकच आहे आणि तो इथून पाचशे किलोमीटरहून लांब, उरण तालुक्यात आहे.

मुंबईच्या समोर, घारापुरीच्या शेजारी, खाडी आणि मिठागरांच्या जागी उभं राहिलेलं हे बंदर २६ मे १९८९ पासून चालू आहे. कागदोपत्री ते जवाहरलाल नेहरू बंदर. पण ट्रेलरवाला न्हावा-शेवाच म्हणतो. इथे पाच कंटेनर टर्मिनलं आहेत आणि ती चालवणाऱ्यांत जगातल्या बड्या कंपन्या आहेत. २०२३-२४ मध्ये इथून वीस फुटी मापाने ६४ लाखांहून अधिक कंटेनरांची ये-जा झाली. देशाच्या प्रमुख बंदरांतल्या कंटेनर वाहतुकीचा जवळजवळ निम्मा भार हे एक बंदर उचलतं. नाशिकचा कांदा, द्राक्षं, पुण्याचे यंत्रभाग, विदर्भाचा कापूस, सगळे याच रांगेत.

ही जमीन फुकट आलेली नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून मिळाला. शेव्याच्या कोळ्यांचं पुनर्वसन तर आजही वादातून सुटलेलं नाही.

एवढा पसारा ज्यावर उभा आहे ती वाट मात्र अरुंद. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा यांची जहाजं एकाच खोल केलेल्या मार्गाने आत येतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं याच मार्गावर धडकली. कंटेनर पाण्यात तरंगू लागले, तेल पसरलं, काही कंटेनरांत कीटकनाशकं होती. दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली आणि अनेक मुंबईकरांनी मासे खाणं टाळलं. २७ जून २०१७ ला तर धडकायला जहाजही लागलं नाही. ‘नॉटपेट्या’ नावाच्या संगणकी हल्ल्याने मर्स्क समूहाची यंत्रणा जगभर बसली, आणि इथलं त्यांचं टर्मिनल तिच्यासोबत बसलं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-चौदा दिवस जास्त, भाडं कित्येक पट.

हे भाडं भरतं कोण? निर्यातदार ते शक्य तेवढं खरेदीच्या भावातून वळतं करतो. हळद टिकाऊ आहे, गोदामात वाट बघू शकते. द्राक्षाला ती चैन नाही. पण हळद थांबली तरी पिकवणारा थांबू शकत नाही. मार्चअखेर पीककर्ज आणि जूनच्या तोंडावर सोयाबीनचं बी त्याला दिसत असतं. शिवाय काही अडथळे समुद्रात नसतातच. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा बंदरापर्यंत पोचलेला मालही अडकला. एका अधिसूचनेने.

बंदराचा दरवाजा दोन्हीकडे उघडतो, हेही पुसेगावात कुणाला सांगायला नको. हळद बाहेर जाते तशी पाम आणि सोयाबीन तेलाची जहाजं देशाच्या बंदरांत येतात. न्हावा-शेव्यातही खाद्यतेल उतरतं. सप्टेंबर २०२४ मध्ये तेलावरचं आयातशुल्क वाढलं, मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचं पुन्हा उतरलं. त्याचे हेलकावे सेनगावच्या सोयाबीनच्या भावालाही बसतात.

आता पालघर जिल्ह्यात वाढवणला ७६ हजार कोटींचं नवं बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध मात्र नव्वदच्या दशकापासूनचा आहे, आणि उरणचा इतिहास बघता त्यांना आडमुठं म्हणणं अवघड आहे. मराठवाड्याच्या दृष्टीने मला वाढवणपेक्षा जालन्याचं ड्राय पोर्ट महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर २०१५ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि मग काम रेंगाळलं. ते पुरतं चाललं तर कस्टमची तपासणी आणि सील जालन्यातच होईल, कंटेनर रेल्वेने थेट जहाजाकडे जाईल, आणि हिंगोलीतल्या शेतकरी उत्पादक कंपनीला आपल्या नावाने हळद पाठवून बघता येईल. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, पण त्यावरून भरधाव गेलेला ट्रक शेवटी उरणच्या ट्रेलरांच्या रांगेतच उभा राहतो.